लॉनवरची गुणगुण आणि दोन बादल्या पाणी

पाच तारांचा बेस, म्हणजे बेस गिटार, घरी आला तेव्हा बायकोनं एवढंच विचारलं, "आधीच्याला चार होत्या ना? त्यात काय कमी पडत होतं?" मी पाचव्या, खालच्या स्वराच्या बी तारेबद्दल सांगायला लागलो आणि ती भाजी निवडायला लागली.

प्रश्न तसा चोख होता. मोकळी बी तार 31 हर्ट्झच्या आसपास बोलते, चार तारांच्या बेसवरची सगळ्यात जाड ई तार 41 वर. आणि आमच्याकडे लग्नाच्या लॉनवर जे सब, म्हणजे खालचे स्वर वाजवणारे मोठे स्पीकर, येतात, त्यातले बरेचसे 40 च्या खाली मान टाकतात. म्हणजे मी बी तार कितीही जीव लावून छेडली तरी लोकांच्या पोटात पोहोचतं ते तिचं दुप्पट, 62 चं. खालचा गडगडाट फक्त माझ्या मनात. पण ऑर्केस्ट्रात पाचवी तार गडगडाटासाठी घ्यायचीच नसते. स्टेजवर चढता चढता गायिका सांगते, "दादा, गळा बसलाय, आज अर्धा स्वर खाली घेऊ." ई मधलं गाणं ई फ्लॅटमध्ये येतं, आणि चार तारांवर तो खालचा स्वर नसतोच. सप्तक उचलून वर वाजवावं लागतं, चाल मधूनच तुटते. पाच तारांवर तोच स्वर बी तारेच्या चौथ्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या चौथ्या पट्टीपाशी, हाताखाली असतो. शिवाय आमचा कीबोर्डवाला डाव्या हातानं बेस वाजवून दाखवतो आणि ऑर्केस्ट्राच्या मालकाच्या डोळ्यांत माझं पाकीट वाचल्याचा आनंद दिसतो, हेही एक कारण होतंच. पैसे वाचवायचे म्हटलं की पहिला बळी बेसवाल्याचा.

बाकी सामान मी कमी करत आणलं आहे. लिओ फेंडरनं 1951 मध्ये प्रिसिजन बेस काढला, तेव्हा कपाटाएवढा डबल बेस वाहायच्या कटकटीतून वाजवणारे सुटले म्हणतात. अ‍ॅम्प वाहायच्या कटकटीतून मात्र कोणी सोडवलं नाही. पंधरा इंची स्पीकर आणि अ‍ॅम्प एकाच पेटीत असलेला माझा जुना काँबो तीसेक किलोचा होता. ऑटोवाला तो पाहून आधी भाडं वाढवायचा, मग हात लावायचा. आता अडीच किलोचं क्लास डी हेड, म्हणजे स्पीकर नसलेला हलका अ‍ॅम्प, आणि बारा इंची स्पीकरचं एक कॅबिनेट, एवढंच. हेडवर 500 वॉट लिहिलंय, पण ते 4 ओहमला. माझं कॅबिनेट 8 ओहमचं, म्हणून मिळतात साधारण निम्मे. पुरतात. लोकांना ऐकवायचं काम पीएचं, म्हणजे साउंडवाल्याच्या मोठ्या स्पीकरांचं; अ‍ॅम्प मला आणि ड्रमरला ऐकू यावं म्हणून. तो खुर्चीवर ठेवून कानाकडे तोंड केलं की निम्म्या वॉटमध्ये काम भागतं. पाइपांवर प्लायवूड टाकलेल्या स्टेजवर तो कधीच थेट ठेवायचा नाही, अख्खं स्टेज ढोलासारखं घुमतं. डेकोरेशनवाल्याकडून एक गादी मागून घ्यायची. लोक हसतात, हसू द्यावं.

तर तो दिवस. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागलेला, नागपूरच्या काटोल रोडवरचं एक मोठं लॉन. लग्न दुसऱ्या दिवशी, त्या रात्री संगीत. साडेपाचला साउंडचेक म्हणून गेलो तर ऊन अजून स्टेजवर पसरलेलं. बेस केसमधून काढून पाच मिनिटं झाली नाहीत तोच सगळ्या तारा उतरल्या. तापून सैल पडल्या होत्या. स्टेजच्या पाठीमागे एलईडी वॉल, ही एवढी. बाजूला जंबो कूलरची रांग. पलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये जनरेटर.

एक शहाणपणा मी तिथे केला, तो आधीच सांगून टाकतो. स्टेजवरचा पॉवर बोर्ड जनरेटरचा होता आणि त्यात झालरीच्या लायटिंगच्या वायरी कोंबलेल्या. मागच्या भिंतीत लॉनचा स्वतःचा सॉकेट दिसला, घरगुती लायनीचा. म्हटलं, नव्या हेडला जनरेटरचं खालीवर होणारं व्होल्टेज कशाला? एक्स्टेंशन टाकलं आणि तिथून घेतलं. मनातल्या मनात पाठही थोपटून घेतली.

साउंडवाल्यानं माझी लाइन उघडली आणि दोन्ही बाजूंच्या सबमधून गुणगुण सुरू झाली. भलीमोठी. ड्रमर कानावर हात ठेवून हसायला लागला.

"भाऊ, नवीन गिटार हमिंग मारून राहिली," साउंडवाला तिकडून ओरडला.

नवीन वस्तूवर आळ घ्यायला सगळे टपलेलेच असतात. माझ्या बेसवर तारांची थरथर पकडणारे दोन सिंगल कॉइल पिकअप आहेत. दोन्हींचे व्हॉल्यूम सारखे ठेवले की एकाची गुणगुण दुसरा खोडतो. एकच उघडा ठेवला तर गुणगुणतात खरे. दोन्ही पूर्ण उघडले, फरक नाही. दोन्ही बंद केले, तरी तेच. बेसची केबलच अ‍ॅम्पमधून उपटली, गुणगुण तिथेच. हेडच्या मागून मिक्सरकडे जाणारी एक्सएलआर केबल काढली आणि शांत. म्हणजे बेस निर्दोष. भांडण अ‍ॅम्प आणि मिक्सरच्या मधलं होतं.

एक गोष्ट मात्र तेव्हाच कानाला खटकली होती. आपल्याकडे विजेची गुणगुण 50 हर्ट्झची, म्हणजे जाड ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरच्या जी पेक्षा किंचित चढी. तो जी 49 वर असतो. इतक्या वर्षांच्या ऑर्केस्ट्रात मी जी मधली गाणी या बेसूर सोबत्याबरोबर खूप वाजवली आहेत, त्याचा आवाज मला पाठ आहे. ही गुणगुण तशी सरळ नव्हती. हेलकावत होती. वाव्, वाव्, वाव्, सेकंदाला दोनेक वेळा, एका लयीत. तेवढ्यात कूलर चालू झाले आणि हेलकावे संथ झाले, दोन-दोन सेकंदांनी एक. मला वाटलं कूलरच्या मोटारींचा काही तरी त्रास असेल. पुढे विचार केला नाही. बेस ट्यून करताना पाचव्या आणि सातव्या फ्रेटवरचे हार्मोनिक्स जुळवतो तेव्हा आम्ही हाच हेलकावा ऐकतो. दोन तारा जवळजवळ सुरात असल्या, पण पूर्ण नसल्या, की तो येतो. तो माणूस मीच, आणि समोर स्पीकरमधून तेच ऐकूनही मला काही सुचलं नाही. ऊनही होतं म्हणा.

साउंडवाला पक्कड घेऊन आला. "अर्थची पिन काढून टाकू का? दोन मिनिटाचं काम." ती मी काढू दिली नाही. तरुणपणी मीही पिना तोडल्यात, एकदा हातही चांगला झणझणलाय. हेडच्या मागे डीआयपाशी, म्हणजे मिक्सरकडे आवाज पाठवायच्या जोडणीपाशी, ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते दाबलं. मिक्सरकडे जाणाऱ्या केबलचं कवच त्यानं सुटतं, आवाजाच्या दोन तारा तशाच राहतात. गुणगुण गायब. साउंडवाल्यानं अंगठा दाखवला. मीही नव्या सामानाचं कौतुक करत पुढे झालो. अंतऱ्यात मागची ओळ मी गातो, म्हणून माझ्यापुढे एक माइक असतो. डावा हात तारांवर, तोंड माइकपाशी, "चेक" म्हणायला ओठ टेकवले.

झटका ओठांतून थेट दातांत गेला. बेसचा पट्टा होता म्हणून तो खाली पडला नाही, मी मात्र दोन पावलं मागे जाऊन गादीवर बसलो. ड्रमरला वाटलं ऊन लागलं. तो पाणी घेऊन धावला.

एलईडी वॉलवाल्या पोराकडे मल्टिमीटर होता. एक टोक माझ्या तारेला लावलं, दुसरं माइकच्या जाळीला. 87 व्होल्ट. पोरानं मीटर झटकून पुन्हा लावला. पुन्हा 87.

मी जोरात ओरडलो की कोणी माइकला हात लावायचा नाही. गायिका तेव्हाच मेकअपमधून बाहेर येत होती. मालक घड्याळ पाहत आला. "काय झालं बे? लोक येऊन राहिले, चालू कर ना!" मी त्याच्या हातात मीटर दिला. मीटरमधलं त्याला काही कळत नाही, पण माझा सुजलेला ओठ कळला असावा. गप्प उभा राहिला.

जनरेटरचे काका शेडबाहेर बाज टाकून बसले होते. साठीचे असतील. मी विचारलं, "काका, कूलर लागले की तुमच्या मशीनला काही होतं का?"

"लोड आला का बसते थोडीशी," ते म्हणाले आणि पॅनेलवरचा काटा दाखवला. "खाली असली का बावनवर पयते. लोडवर पन्नासाकडं येते. जुनी मशीन आहे, बाप्पा."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात तार लागली. भिंतीतली लाइन 50 वर ठाम, जनरेटर 52 वर. दोन वेगवेगळ्या विजा, दोन वेगवेगळ्या जमिनी, म्हणजे अर्थिंग, आणि दोघींना जोडणारी एकच गोष्ट, माझी एक्सएलआर केबल. दोन गुणगुणी एकमेकींशी बेसूर होत्या, म्हणून आवाज हेलकावत होता. कूलर लागले, मशीन बसली, फरक कमी झाला, हेलकावे संथ झाले. सगळं सबमधून मला सांगितलं जात होतं, आणि मी बटण दाबून ते गप्प केलं. गुणगुण गेली. जमिनींमधला फरक होता तिथेच राहिला, आणि आता तारांतून एक, माइकमधून दुसरी, अशा त्या दोघींना जोडणारा मी एकटा उरलो होतो.

पण 87 व्होल्ट आले कुठून? काकांनीच आणखी एक प्रश्न विचारला, तोही वॉलवाल्या पोराला. "तुह्या त्या टीव्हीले डबे किती?" पोरानं आकडा सांगितला, काकांनी मान हलवली. एलईडीच्या प्रत्येक पॅनेलमध्ये एक पॉवर सप्लाय असतो आणि प्रत्येकातून चिमूटभर करंट बॉडीकडे झिरपत असतो. एकट्यादुकट्याचा काही त्रास नाही, ते धरलेलंच असतं. पण पॅनेल डझनांनी, वर मिक्सर, वर लायटिंग. हे सगळं अर्थिंगच्या रॉडमधून जमिनीत जायचं असतं. रॉड शेडमागे ठोकलेला होता. आम्ही जाऊन पाहिलं. आपली काळी माती, मे महिना, भेगा अशा की त्यात हात जाईल. रॉडभोवती चक्क मोकळी जागा होती. वायरचा नटही गंजून ढिला.

"याले पाणी पाजलं का कोणी?" मी विचारलं.

"प्यायले नाही अन् याले कोन पाजते?" काका म्हणाले. पण उठले.

मशीन बंद केल्याशिवाय मी कोणाला वायरला हात लावू दिला नाही. लॉनवर अंधारून आलं, आचाऱ्यांनी आरडाओरडा केला, नवरीचा मामा चौकशीला येऊन गेला. काकांनी नट उघडून पॉलिश पेपरनं घासला, कसून आवळला. आचाऱ्याकडून जाड मीठ आणलं, दोन बादल्या पाणी भेगांत ओतलं. माती असं पाणी प्यायली की वरून बुडबुडे आले. मी तोवर भिंतीतलं एक्स्टेंशन गुंडाळलं, झालरीच्या दोन वायरी वॉलवाल्याच्या बोर्डावर हलवल्या आणि माझं हेड स्टेजच्या बोर्डावर घेतलं, मिक्सर जिथून वीज घेतो तिथूनच. लिफ्टचं बटण बाहेर काढलं. मशीन सुरू. तार ते माइक, मीटर लावला. एक व्होल्टसुद्धा नाही. लाइन उघडली, सब शांत. मग एकेका माइकला मीटर लावून तपासलं आणि मगच गायिकेच्या हातात दिला. तिनं विचारलं, "दादा, एवढं काय?" मी ओठ दाखवला.

पाऊण तास उशीर झाला. मालकानं पैशांतून काही कापलं नाही, हीच त्याची माफी समजायची.

नव्या बेसचं पुढे काय झालं ते थोडक्यात. मध्यंतरानंतर तिसऱ्या गाण्यात आवाज फाटायला लागला, भरड, फुसफुसता. अ‍ॅक्टिव्ह बेसच्या पोटात 9 व्होल्टची बॅटरी असते आणि केबल खोचलेली असली की ती चालूच राहते. घरी कौतुकानं रोज वाजवून मी केबल रात्र-रात्रभर खोचलेलीच ठेवत होतो. जास्तीची बॅटरी पाउचमध्ये नव्हती. उरलेला कार्यक्रम जुन्या चार तारांवर काढला. तो बिचारा कोणाकडे बॅटरी मागत नाही. गायिकेनं दोन गाणी अर्धा स्वर खाली घेतली, मी सप्तक उचललं, चाल तुटली, कोणाला कळलं नाही. कीबोर्डवाल्याला कळलं. तो गालात हसला.

रात्री अडीचला घरी आलो. दार उघडता उघडता बायकोनं विचारलं, "वाजला का मग पाच तारांचा?"

"अर्धा," मी म्हणालो.

"अन् ओठाला काय झालं?"

आता पाउचमध्ये ट्यूनर आणि ट्रान्सफॉर्मरवाल्या डीआयच्या शेजारी दोन बॅटऱ्या आणि एक मीटर असतो. साउंडवाले चिडवतात, बेसवाला आला की वायरमन, म्हणून. जूनच्या पहिल्या आठवड्यात हिंगणा रोडवर प्रोग्राम होता. गेटमधून आत शिरतो तर शेडपाशी तेच काका. मला पाहून ते बाजेवरून उठले, रिकामी बादली उचलून हवेत धरली आणि लांबूनच ओरडले, "पाजलं बाप्पा, पाजलं! सकाळीच पाजलं!"