उत्तरपत्रिकेतील शून्य

नववीच्या घटक चाचणीत दोन गुणांचा एक प्रश्न मी वर्षानुवर्षे विचारत आले होते. ‘डोक्यावर ओझे घेऊन समतल रस्त्यावरून चालणाऱ्या व्यक्तीने केलेले कार्य किती? सकारण लिहा.’ अपेक्षित उत्तर ठरलेले असते. कार्य शून्य, कारण बल वरच्या दिशेने आहे, विस्थापन आडवे आहे, दोहोंमधील कोन ९० अंशांचा आहे आणि कार्याच्या सूत्रात (बल गुणिले विस्थापन गुणिले कोनाचा कॉस) येणाऱ्या कॉस ९० ची किंमत शून्य आहे. प्रश्न तपासायला सोपा असल्यामुळे मला तो आवडतही असे, हे कबूल करते.

एका वर्षीच्या चाचणीत मागच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलीने लिहिले होते, ‘पुष्कळ. कारण ती व्यक्ती दमते, तिची मान धरते आणि रात्री झोपेत तिच्या पायात गोळे येतात.’ मी लाल शाईने त्यावर काट मारली, समासात शून्य लिहिले आणि पुढची उत्तरपत्रिका उघडली. पायात येणाऱ्या गोळ्यांचा इतका नेमका तपशील कुठून आला असेल, हा विचार तपासताना माझ्या मनात आला नाही.

उत्तरपत्रिका वाटून झाल्यावर ती टेबलापाशी आली. “मॅडम, माझी आई बांधकामावर घमेली वाहते. ती काम करत नाही का?” तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. एखाद्या शब्दाचा अर्थ विचारावा तसे तिने ते विचारले. मी फळ्यावर दोन बाण काढले, एक उभा आणि एक आडवा, मधला काटकोन दाखवला आणि सूत्र लिहिले. तिने सगळे नीट पाहिले आणि म्हणाली, “हे कळलं. पण मग ती दमते कशाने?”

मला चटकन उत्तर सुचले नाही. वेळ काढण्यासाठी मी पहिल्या बाकावरच्या, पूर्ण गुण मिळवलेल्या मुलाकडे वळले. त्याने कॉस ९० पुन्हा म्हणून दाखवला. “ते झालं, पण दमते कशाने?” असे विचारताच तो गप्प झाला. मग मी वर्गाला विचारले की, ‘शून्य’ असे कितीजणांनी लिहिले आहे. तीसएक हात वर आले. ओझे वाहणारा माणूस खरोखर काहीच करत नाही, असे यांपैकी कितीजणांना मनापासून वाटते, असे विचारल्यावर एकही हात वर राहिला नाही. म्हणजे तीस मुलांनी स्वतःला न पटलेले विधान लिहून माझ्याकडून प्रत्येकी दोन गुण मिळवले होते आणि जिने पटलेले लिहिले, तिला मी शून्य दिले होते.

इथे माझ्याविषयी थोडे सांगायला हवे. विज्ञान सर्वांपर्यंत पोहोचवणारी शिक्षिका अशी माझी माझ्यापुरती समजूत होती. ज्यांच्या घरची भाषा वेगळी आहे त्या मुलांसाठी मी संज्ञांचे तक्ते करत असे. श्रवणयंत्र वापरणाऱ्या एका मुलाला माझे ओठ दिसावेत म्हणून फळ्याकडे तोंड करून बोलायचे मी कटाक्षाने टाळत असे. आकृत्या मोठ्या, वाक्ये छोटी. हे सारे आवश्यकच आहे आणि आजही मी ते करते. परंतु वाक्य छोटे करण्याच्या नादात मी त्यातून काय काय गाळत होते, याकडे माझे लक्ष नव्हते. ‘व्यक्तीने केलेले कार्य शून्य’ या वाक्यात कोणत्या बलाने केलेले आणि कशावर केलेले, हे दोन्ही गळून गेले होते. ज्या मुलाच्या घरी कोणी ओझे वाहत नाही, त्याला ही गळती जाणवत नाही, कारण त्याच्यासाठी ते वाक्य म्हणजे केवळ एक चिन्हांकित चौकट असते. तिच्या घरी मात्र ते वाक्य रोज संध्याकाळी थकून परत येत होते.

पुढची जोडतासिका प्रयोगशाळेत होती. ठरलेला प्रयोग बाजूला ठेवून मी दोन लिटर पाण्याने भरलेली बाटली एका धष्टपुष्ट मुलाच्या हातात दिली आणि हात समोर ताठ धरून उभे राहायला सांगितले. सुरुवातीला तो हसत होता. मिनिटभराने हसणे थांबले आणि दीड मिनिटाने बाटलीतले पाणी हलू लागले. श्रवणयंत्र वापरणारा मुलगा जवळच उभा होता. त्याने पुढे होऊन बाटली धरणाऱ्याच्या दंडावर बोटे टेकवली, क्षणभर थांबला आणि फळ्यापाशी जाऊन ‘आतून थरथरतोय’ असे लिहिले. आधी मोजलेली नाडी मिनिटाला ८० होती, ती आता ११० च्या पुढे गेली होती. बाटली मात्र होती तिथेच होती. विस्थापन शून्य, म्हणून बाटलीवर झालेले कार्यही शून्य.

मग तीच बाटली मी टेबलावर ठेवली. टेबलही बाटलीला तेवढ्याच बलाने वर तोलून धरते, पण ते दमत नाही, त्याचा पाय थरथरत नाही, त्याला रात्री गोळे येत नाहीत. फरक कुठे आहे, असे मी विचारले. उत्तर त्याच मुलीने दिले, “टेबल आतून हलत नाही.”

याहून चांगली सुरुवात मला करता आली नसती. स्नायू ताणून धरलेला असतो तेव्हा तो बाहेरून स्थिर दिसतो. आत मात्र मायोसिन या प्रथिनाची सूक्ष्म डोकी ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या तंतूंना पकडतात, खेचतात, सोडतात आणि पुन्हा पकडतात. सोडून पुन्हा पकडण्याच्या प्रत्येक फेरीला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्ची पडतो. सगळी डोकी एकाच वेळी पकडत नसल्यामुळे एकूण ताण टिकून राहतो, पण इंधन सतत जळत राहते आणि त्या ऊर्जेची शेवटी उष्णता होते. ओझ्याला त्यातले काही मिळत नाही. मी मुलांना अंगठ्यांनी कान बंद करून मुठी घट्ट आवळायला सांगितल्या. स्नायूंची खोल घरघर ऐकू येते ती अशी. ज्याला ती ऐकू येणे शक्य नव्हते, त्याने तीच गोष्ट बोटांनी आधीच ओळखली होती. त्या दिवशीचे पहिले निरीक्षण त्याच्याच नावावर जमा झाले.

यानंतर मी चाचणीतले वाक्य फळ्यावर पुन्हा लिहिले आणि गळलेले शब्द मुलांकडूनच भरून घेतले. ‘समतल रस्त्यावर एकसारख्या वेगाने चालताना व्यक्तीने लावलेल्या ऊर्ध्व बलाने ओझ्यावर केलेले एकूण कार्य शून्य असते; व्यक्तीच्या शरीरात मात्र ऊर्जा खर्च होत राहते.’ वाक्य तिप्पट लांब झाले. घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या एका मुलीने सांगितले की, हे वाक्य तिला आधीच्या वाक्यापेक्षा सोपे वाटते, कारण यात काय शोधायचे ते लिहिलेले आहे. छोटे वाक्य म्हणजे सोपे वाक्य, हे मी कधीपासून गृहीत धरले होते कोण जाणे.

‘एकूण’ या शब्दावर एकाचा आक्षेप आला आणि तो रास्त होता. त्याचा निकाल खडूने लावता आला. खांद्याला खडू टेकवून, त्याचे टोक फळ्याला लागेल अशा बेताने एकेका मुलाला फळ्यालगत चालायला सांगितले. सरळ रेघ कोणाचीच आली नाही. प्रत्येकाची लाट उमटली, तीन-चार सेंटिमीटर उंचीची. म्हणजे समतल रस्त्यावरही शरीर आणि डोक्यावरचे ओझे प्रत्येक पावलागणिक थोडे चढते आणि तेवढेच उतरते. चढताना कार्य धन, उतरताना ऋण, बेरीज शून्य. पण चढण्यासाठी खर्च केलेले सगळेच काही उतरताना परत मिळत नाही. ती मुलगी डोक्यावर दोन जाड पुस्तके ठेवून, आईसारखी मान ताठ ठेवून चालली. तिची लाट इतरांपेक्षा बुटकी आली. लाट बुटकी म्हणून श्रम कमी, असा निष्कर्ष मी तिथल्या तिथे काढला.

त्या निष्कर्षाची घाई झाली होती, हे मला रात्री वाचताना कळले. केनियातील डोक्यावर ओझी वाहणाऱ्या स्त्रियांवर झालेला एक अभ्यास १९८६ साली ‘नेचर’ या विज्ञानविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. स्वतःच्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांपर्यंतचे ओझे घेऊन चालताना या स्त्रियांचा ऑक्सिजनचा खर्च रिकाम्या डोक्याने चालताना होतो तेवढाच राहतो, असे त्यात आढळले. १९९५ साली त्याचे कारण पुढे आले. चालताना शरीर उलट्या लंबकासारखे वागते, गतिज (गतीमुळे असलेल्या) आणि स्थितिज (उंचीमुळे असलेल्या) ऊर्जेची अदलाबदल होत राहते आणि ओझे असताना ही अदलाबदल त्या स्त्रियांमध्ये अधिक काटकसरीने होते. म्हणजे बचत लाटेच्या उंचीत शोधायची नव्हती. दुसऱ्या दिवशी मी माझी चूक वर्गात सांगितली आणि हेही सांगितले की, जगातल्या नामांकित शास्त्रज्ञांनी ओझे वाहणाऱ्या बायांच्या चालण्याला संशोधनाचा विषय मानले आहे.

त्या दिवशी ती मुलगी वहीच्या पानावर आईकडून आकडे लिहून घेऊन आली होती. घमेले भरल्यावर साधारण २० किलो, चढायचा एक मजला, दिवसाला पन्नासएक फेऱ्या, आईचे वजन ५० किलो. (किलोत सांगतो ते वस्तुमान, वजन नव्हे, हे एरवी मी लगेच दुरुस्त केले असते, त्या दिवशी सोडून दिले.) मजल्याची उंची आम्ही ३ मीटर धरली. एका फेरीत ओझ्यावर झालेले कार्य म्हणजे २० गुणिले ९.८ (गुरुत्व त्वरण) गुणिले ३, अर्थात ५८८ ज्यूल. पन्नास फेऱ्यांचे २९,४०० ज्यूल. दिवसभरात एक टन माल एक मजला वर गेला होता.

एका मुलाने विचारले की, एवढ्या ऊर्जेत दिवा किती वेळ चालेल. १० वॅटच्या दिव्याला सेकंदाला १० ज्यूल लागतात. भागाकार केल्यावर २,९४० सेकंद आले, म्हणजे ४९ मिनिटे. वर्गात थोडा वेळ कोणीच काही बोलले नाही. ती मुलगी फळ्यावरच्या ४९ कडे पाहत राहिली आणि मला वाटले की, आपण हा हिशेब करायला नको होता.

पण तो तिथे सोडून चालणार नव्हते. ओझ्याबरोबर आईचे ५० किलोही पन्नास वेळा वर गेले होते. ते धरून बेरीज १,०२,९०० ज्यूल होते. स्नायूंनी जाळलेल्या ऊर्जेपैकी फार तर चौथा हिस्सा अशा कार्यात उतरतो, म्हणून खर्च त्याच्या चौपट, म्हणजे चार लाखांहून अधिक. सपाटीवरचे चालणे आणि ओझे तोलणे यांत अजून धरलेले नव्हते. “आणि उतरणं?” तिने विचारले. “आई म्हणते, चढण्यापेक्षा उतरताना गुडघे जास्त धरतात.” उतरताना गुरुत्वाकर्षण शरीरावर धन कार्य करते आणि स्नायू ब्रेकचे काम करत ऋण कार्य करतात. ती ऊर्जा इंधन होऊन स्नायूंत परत जात नाही, तिची उष्णता होते. सूत्रात उणे आले म्हणून गुडघ्यांना त्याचा लाभ होत नाही. नववीच्या पुस्तकात ऋण कार्याला दोन ओळी आहेत. आम्ही त्यावर अर्धा तास घालवला आणि त्या अर्ध्या तासात बहुतेक वेळ तीच बोलत होती.

‘कार्य’ या संज्ञेचा अर्थ इतका अरुंद का, हेही मी सांगितले. बल गुणिले अंतर या राशीसाठी कोरिऑलिस या फ्रेंच अभियंत्याने १८२९ साली जो शब्द रूढ केला, तो त्याच्या भाषेत श्रमासाठी रोज वापरला जाणारा शब्द होता. यंत्रांकडून किती काम मिळते, याची मोजदाद त्याला करायची होती. यंत्राची मान धरत नाही, त्यामुळे तो हिशेब तिथे पुरेसा होता. ती म्हणाली, “म्हणजे शब्द आमच्याकडून घेतला आणि अर्थ यंत्राचा ठेवला.” सहकाऱ्यांना मी हे नंतर सांगितले तेव्हा काहींना ते वाक्य माझेच वाटले. तसे नाही.

शेवटी गुणांचा प्रश्न उरला. मी तिची उत्तरपत्रिका मागून घेतली, शून्य खोडले आणि दोनपैकी एक गुण दिला. दुसरा का नाही, असे तिने विचारले. मी म्हटले, “कार्य ओझ्यावर विचारलं होतं, तू व्यक्तीविषयी लिहिलंस.” तिने प्रश्नपत्रिका उलगडून माझ्यासमोर धरली आणि ‘व्यक्तीने केलेले कार्य’ या शब्दांवर बोट ठेवले. “यात ओझ्यावर असं कुठे आहे, मॅडम?” मी एकाचा दोन केला. पहिल्या बाकावरच्या मुलाने लगेच विचारले की, आता त्याचे दोन कापले जाणार का. तेही त्याचेच राहिले.