टच सेटिंगला हात लावण्याआधी आवाज वाढवा

इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचा (वाद्याचा) टच ‘सॉफ्ट’वर ठेवला की पट्ट्या हलक्या होतात, असं समजणारे मला बरेच भेटतात. पट्टीचं वजन तसूभरही बदलत नाही. साध्या कीबोर्डमध्ये प्रत्येक पट्टीखाली दोन संपर्क असतात. पहिला जुळल्यापासून दुसरा जुळेपर्यंत किती वेळ गेला, एवढंच यंत्र मोजतं. वेळ जितका कमी, तितका हात जोराचा. त्यावरून १ ते १२७ मधला एक आकडा ठरतो, तीच व्हेलॉसिटी. कुठल्या वेगाला कुठला आकडा द्यायचा, हे टच सेटिंग ठरवतं. ‘सॉफ्ट’वर हलक्या हातालाही मोठा आवाज मिळतो, ‘हार्ड’वर त्याच आवाजासाठी जोर लावावा लागतो.

पेटीवर हात बसलेल्यांना हे सगळं विचित्र वाटतं. पेटीत आवाज भात्याचा, पट्टी फक्त वाट मोकळी करते. मीही त्यातलाच, त्यामुळे बोटांत जोर कमी-जास्त करायची सवयच नव्हती.

तरीही माझं म्हणणं असं, की आधी आवाजाचं बटण बघा. आवाज कमी ठेवून वाजवलं की आपण नकळत पट्ट्या बडवतो. सगळे आकडे शंभराच्या वर जातात आणि पियानो कर्कश वाटू लागतो, कारण जोराने वाजवलेल्या सुराचा नुसता आवाज मोठा नसतो, त्याचा पोतच वेगळा, जास्त धारदार असतो. मग लोक कीबोर्डला नावं ठेवतात. आवाज वाढवा आणि टच ‘मीडियम’वरच ठेवून अगदी हळू वाजवून बघा. माझी कसोटी तीच आहे: सगळ्यात हळू वाजवलेला सूर नीट उमटतो का? तो गळत असेल तर ‘सॉफ्ट’कडे जा. जोराच्या टोकाची चिंता नंतर.

कॉम्प्युटरला जोडलं असेल तर रेकॉर्ड करून स्क्रीनवर दिसणाऱ्या व्हेलॉसिटीच्या काठ्या बघा; जितका आकडा मोठा, तितकी काठी उंच. माझ्या डाव्या हाताच्या काठ्या उजव्यापेक्षा उंच निघतात. त्यावर सेटिंगचा इलाज नाही, रियाजच. आणि कीबोर्डवर एक कर्व्ह (म्हणजे कुठल्या जोराला किती आवाज, हे ठरवणारी रेषा), सॉफ्टवेअरमध्ये दुसरा, असं करू नका; दोन्हींचा परिणाम एकावर एक चढतो आणि नक्की काय बिघडलंय तेच कळत नाही. मी कीबोर्ड ‘मीडियम’वर ठेवतो आणि कर्व्ह सॉफ्टवेअरमधल्या वाद्यात बदलतो. रेकॉर्ड झालेले आकडे जसेच्या तसे राहतात, मत बदललं तर कर्व्ह नंतरही फिरवता येतो.

‘फिक्स्ड’ टच, म्हणजे कसंही वाजवलं तरी एकच आकडा, ऑर्गनच्या आवाजाला ठीक. पियानोला लावलंत तर सगळे सूर एकाच जोराचे.

आणि सगळ्या पट्ट्या व्यवस्थित असताना एकच पट्टी मध्येच किंचाळत असेल, तर मेनूत शिरू नका. बहुतेक वेळा तिच्या रबरी संपर्काखाली धूळ गेलेली असते. तो साफ करावा लागतो.