होबार्टच्या धक्क्यावर

खोटं कशाला बोलू, ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरच्या होबार्टला मी मासे खायलाच गेले होते. कॉन्स्टिट्यूशन डॉकमध्ये धक्क्याला कायमच्या बांधलेल्या होड्या आहेत, त्यांच्यावरच मासे तळून मिळतात. कागदात गुंडाळलेला गरम फ्लॅटहेड घेऊन कठड्यावर बसले आणि उघडतेय तोवर एका सीगलनं सगळ्यात मोठा तुकडा पळवला. शेजारचे आजोबा खदखदून हसले. "झाकून खा," म्हणाले, आणि बोलायलाच लागले. 26 डिसेंबरला सिडनीहून सुटलेल्या शर्यतीच्या शिडाच्या बोटी 628 सागरी मैल कापून इथं येऊन लागतात. त्या बोलण्यातून विषय निघाला ॲलेक कॅम्पबेलचा.

मी म्हटलं, "म्हणजे गॅलिपोलीचा शेवटचा सैनिक?" (गॅलिपोली म्हणजे तुर्कस्तानातला तो किनारा, जिथं पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाचे सैनिक तुर्कांशी लढले. तिथं लढलेल्यांपैकी सगळ्यात शेवटपर्यंत जगला तो हा.) आजोबांनी मान हलवली, पण लगेच म्हणाले, "ही शर्यत सहा वेळा केली त्यानं." त्यांच्या लेखी हे आधी.

ॲलेक 1899 साली टास्मानियातल्याच लॉन्सेस्टनला जन्मला. विमा कंपनीत कारकुनी करत होता. जुलै 1915 मध्ये भरतीला गेला तेव्हा वय सोळा, सांगितलं अठरा. तुकडीत नाव पडलं 'द किड'. आपल्याकडे 'बारक्या' म्हणाले असते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरला. काम काय, तर खंदकांपर्यंत पाणी आणि दारूगोळा पोचवायचा. किनाऱ्यावरून उभी चढण, वरून गोळीबार. (त्याच किनाऱ्यावर रसद आणि पाणी वाहायला हिंदुस्थानातून गेलेले खेचरवालेही होते. त्यांची आठवण कोण काढतं?) महिनाअखेरीस हिमवादळ आलं आणि डिसेंबरात त्या किनाऱ्यावरचं सगळं सैन्य गुपचूप माघारी निघालं. बारक्याची लढाई जेमतेम सहा-सात आठवड्यांची.

नंतर आजारपण आलं, चेहऱ्याच्या एका बाजूला लकवा आला आणि 1916 मध्ये त्याला सैन्यातून मोकळं केलं. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. म्हणजे युद्ध करून घरी परतला तरी भरतीच्या वयात बसतच नव्हता! हे ऐकून मी हातातला घास तसाच धरून बसले होते. सीगलनं तोही नेला नाही, हे नशीब.

आणि पुढं? पुढं उभं आयुष्य पडलं होतं. सुतारकाम केलं, रेल्वेचे डबे बांधले, कामगार संघटनेत पुढारीपण केलं, पन्नाशी उलटल्यावर अर्थशास्त्राची पदवी घेतली, बोटी बांधल्या. नऊ मुलं झाली. गॅलिपोलीबद्दल फार बोलायचा नाही म्हणतात. पण बरोबरीचे एकेक जात राहिले तसतसं त्याच्या वाट्याला ते सहा-सात आठवडेच उरले. 2000 साली हयात असलेल्या तिघांची टपाल तिकिटं निघाली, त्यात तो होता. मग दोघं गेले, आणि हा एकटा 'शेवटचा' झाला. मला विचाराल तर ही मोठी विचित्र बढती.

16 मे 2002 ला तो गेला, 103 वर्षांचा होऊन. धक्क्यापासून चालत पाच-सात मिनिटांवरच्या सेंट डेव्हिड्स कॅथीड्रलमध्ये सरकारी इतमामात अंत्यविधी झाला, पंतप्रधान जॉन हॉवर्ड आले होते. संध्याकाळी मी तिथं जाऊन आले. बाहेरून पिवळसर वालुकाश्म, आत गार शांतता. लाकडी बाकावर जरा टेकले आणि उगाचच बाकाचे सांधे न्याहाळत बसले. सुताराच्या गोष्टीचा परिणाम, दुसरं काय.

बाहेर पडले तर पाऊस भुरभुरत होता. डॉकवर परत आले. एका बोटीच्या डेकवर दोन पोरं, असतील सोळा-सतराची, ओल्या शिडाची घडी घालत होती. एकाचं टोक सारखं सुटत होतं आणि दुसरा त्याला शिव्या घालत होता.