माघारी फिरलो होतो

‘असलं हवामान बघून माघारी का फिरला नाहीत?’ लग्नाच्या पंगतीत, खडेबाजारात, कुणी ना कुणी विचारतंच. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगतो. आम्ही फिरलो होतो. माझा मित्र डोंगरात पडला तो उतरताना.

2017 च्या डिसेंबरातला पहिला रविवार. ओखी चक्रीवादळ अरबी समुद्रातून वर सरकायलंय हे पेपरात वाचलं होतं. समुद्र तिकडे, आपण इकडे, असं धरून चाललो. कणकुंबीच्या पुढं डोंगर गोव्याच्या अंगाला तुटतो आणि समुद्रावरचं वारं तिथंच येऊन थडकतं. आम्ही बेळगावची पोरं, हे ठाऊक नव्हतं म्हणणं खोटं होईल.

वाटेत दोन पुरुष उंचीचा कातळ. चढताना सोपा, खाच डोळ्यांसमोर असते. वर गेलो आणि भुरभुर लागली, दहा पावलांपुढचं दिसेना. ‘फिरूया मागं’ हे मीच म्हणालो. उतरताना तीच खाच दिसत नाही, पोट कातळाला घासत पायानं चाचपावी लागते. शेवाळ भिजून बुळबुळीत झालेलं. मी आधी उतरलो आणि खालून त्याला सांगायला लागलो, ‘डावा पाय, अजून चार बोटं खाली.’ तो म्हणाला, ‘बोटं कळेनात मर्दा, बधिर झाल्यात.’ मला वाटलं, पायाची. म्हटलं, ‘मग हातावर भार घे, पाय सोड.’ त्यानं ऐकलं.

तो हाताची बोटं म्हणत होता.

घोट्याला कारवीच्या काठ्या लावून दोन मफलरनी बांधलं. गावातली माणसं घोंगडं घेऊन येईपर्यंत तीन तास गेले. ओल्या कपड्यांत वारं लागलं की बर्फ नसतानाही अंग गार पडत जातं. त्याची थरथर थांबली तेव्हा आम्हाला हायसं वाटलं. तशी थरथर थांबणं हेच वाईट लक्षण, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

आम्ही नवखे नव्हतो, बेफिकीरही नव्हतो. तेव्हाचा मी अजून भांडतो: धुकं दाटल्यावर फिरलास, बरोबर केलंस. आजचा मी त्या तेव्हाच्या मला म्हणतो, फिरायचं होतं ते कातळाच्या खालून, ओला झाला तर उतरता येईल काय हे बघून. तो म्हणतो, खरं वरून अर्ध्या तासावर गाडीवाट होती, पुढंच गेला असतास तर? एका बाजूला कडा, समोर धुकं. याचं उत्तर माझ्याकडे नाही.

त्याच्या आईनं एकदाच विचारलं, चहा देताना. ‘माघारी फिरायचं न्हाई काय रे?’ मी म्हटलं, ‘फिरलो होतो, काकी.’ बोटांचं सांगितलं नाही. त्यानंही घरी सांगितलेलं दिसत नाही. थंडीत त्याचा घोटा अजून धरतो. ‘पाय सोड’ हे मी म्हणालो होतो, ते त्याला आठवतं काय, हे मी आजवर विचारलेलं नाही.