हीथ्रो ते मुंबई, रांग ४१

हीथ्रोच्या गेटवर आईचा बोर्डिंग पास यंत्राला लावला आणि हिरव्याऐवजी लाल दिवा लागला. पाठोपाठ माझाही तसाच. काउंटरवरच्या बाईंनी दोन नव्या चिठ्ठ्या छापून हातात दिल्या. आमच्या जागा बिझनेसमध्ये, सातव्या रांगेत होत्या. चिठ्ठ्यांवर रांग ४१. "विमान बदललंय, पुढे तेवढ्या जागा नाहीत." मागे लोक खोळंबले होते.

फेब्रुवारी २०२५ मधली ही गोष्ट. सांगलीला भाच्याची मुंज होती आणि आई चार महिने इंग्लंडमध्ये रेडिंगला आमच्याकडे राहून परत निघाली होती. आदल्या वर्षी मिरजेला तिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. तासन्‌तास पाय खाली सोडून बसू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आडवं होता येईल अशी जागा हवी म्हणून मी विमानकंपनीचे पॉइंट्स जमवत होतो, कार्डावर खर्च केला की मिळणारे आणि तिकिटासाठी वापरता येणारे. तीन वर्षं दूध-भाजीपासून विजेच्या बिलापर्यंत सगळा खर्च त्या एकाच कार्डावर केला. माणशी ८०,००० पॉइंट्स आणि वर ३५२ पौंड, अशी दोन तिकिटं काढली. "माझ्यासाठी एवढं कशाला," असं आई महिनाभर म्हणत होती, पण निघायच्या दिवशी नवी साडी नेसून तयार होती.

गेटवर मी दोन गोष्टी केल्या, त्या पुढे फार उपयोगी पडल्या. जुने पास परत मागत होते, ते देण्याआधी त्यांचे फोटो काढले. आणि आम्ही आपणहून जागा सोडलेली नाही, कंपनीने खालच्या वर्गात बसवलं, एवढं दोन ओळींत लिहून मागितलं. बाई नाखूश होत्या, तरी नव्या चिठ्ठीच्या मागे त्यांनी लिहून दिलं. मुंज परवावर आली होती, नाहीतर मी त्या विमानात चढलो नसतो.

आई नऊ तास मधल्या जागेवर बसून होती. तक्रार नाही केली. चार तासांनी मी तिच्या पायाशी वाकून बघितलं, तर घोट्यावर चपलेचा पट्टा रुतलेला. पट्टा सोडवला आणि बोटाने दाबून पाहिलं, तर खड्डा तसाच राहत होता. मग तिला दर अर्ध्या तासाने उठवून मागच्या स्वच्छतागृहापर्यंत चालवत नेलं. मुंबईला उतरताना चपला पायात जाईनात. त्या पिशवीत टाकून ती अनवाणीच व्हीलचेअरवर बसली.

"अरे, पोचलो ना सुखरूप? जाऊ दे आता," गाडी खंडाळा चढत होती तेव्हा ती म्हणाली. मला नाही जाऊ देता आलं.

कंपनीचं पहिलं उत्तर आलं ते सदिच्छा म्हणून माणशी १०,००० पॉइंट्स देण्याचं. तिकीट 'बक्षीस' होतं, पैसे देऊन घेतलेलं नव्हतं, असा एकूण सूर. हाच सूर मला सगळ्यात लागला. त्या पॉइंट्ससाठी तीन वर्षं आमच्या घरचा खर्च झालेला आहे, आणि ते घेऊन कंपनीने आम्हाला ठरलेल्या वर्गाची जागा विकली होती.

कायदाही हेच सांगतो. युरोपचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम ब्रेक्झिटनंतरही ब्रिटनच्या कायद्यात कायम आहे, आणि ब्रिटनमधून सुटणाऱ्या विमानाला तो लागू होतो, कंपनी कोणत्याही देशाची असो. त्याच्या तिसऱ्या कलमात फ्रीक्वेंट फ्लायर योजनेतली, म्हणजे पॉइंट्सवर काढलेली, तिकिटं स्पष्टपणे धरली आहेत. दहाव्या कलमात खालच्या वर्गात बसवल्याची भरपाई आहे: ३,५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या अशा प्रवासाला तिकिटाच्या किमतीच्या ७५ टक्के, तेही ७ दिवसांत. लंडन-मुंबई अंतर याच्या दुपटीहून जास्त.

मी हे कळवल्यावर कंपनी 'फरका'वर आली. त्या दिवशी इकॉनॉमीचं तिकीट ५०,००० पॉइंट्सना होतं, म्हणून ३०,००० परत. ही पद्धत नीट समजून घ्या, कारण बरेच जण इथे हो म्हणून टाकतात. ऐन वेळचा इकॉनॉमीचा दर चढलेला असतो, त्यामुळे फरक लहान दिसतो. दहाव्या कलमात फरकाचा हिशोबच नाही. ८०,००० चे ७५ टक्के म्हणजे ६०,०००.

उरले रोख भरलेले ३५२ पौंड. जून २०१६ मध्ये युरोपीय न्यायालयाने डसेलडॉर्फ-दुबई मार्गावर पहिल्या वर्गातून बिझनेसमध्ये बसवलेल्या एका प्रवाशाच्या प्रकरणात निकाल दिला. भरपाई फक्त त्या टप्प्याच्या भाड्यावर मोजायची, कर-शुल्कं वगळायची. पण जो कर वर्गानुसार बदलतो तो वगळता येत नाही. ब्रिटनचा प्रवासी कर नेमका तसा आहे. २०२४-२५ मध्ये भारताच्या अंतराला इकॉनॉमीत ८८ पौंड आणि वरच्या वर्गांत १९४. आमच्या तिकिटावर १९४ लावलेले होते, शिवाय कंपनीचा स्वतःचा अधिभार ११०. उरलेले ४८ विमानतळाचे, ते मी सोडले. ३०४ चे ७५ टक्के, २२८ पौंड. हा हिशोब एका पानावर मांडून पाठवला आणि १४ दिवसांत न मिळाल्यास इंग्लंडच्या छोट्या दाव्यांच्या न्यायालयात ऑनलाइन अर्ज करीन, असं लिहिलं. अकराव्या दिवशी दोघांचे मिळून १,२०,००० पॉइंट्स खात्यावर आले आणि माझे २२८ पौंड बँकेत.

भारतातून निघणाऱ्यांनाही हे टक्के ओळखीचे वाटतील. आपल्या डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, १५ फेब्रुवारी २०२३ पासून आंतरराष्ट्रीय प्रवासाला अंतरानुसार ३०, ५० आणि ७५ टक्के ठरवले आहेत, देशांतर्गत सरसकट ७५, आणि दोन्हींत करही धरतात. तक्रार सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर करता येते.

आईचे पैसे मात्र अडकले. प्रवासी ती, म्हणून मागणी तिच्या सहीने हवी, असं त्यांनी नंतर सांगितलं. सांगलीला ताईने अधिकारपत्राची छापील प्रत तिच्यापुढे ठेवली. आईने चष्मा लावून सगळं वाचायला लावलं, मराठीत समजावून घेतलं, आणि पासपोर्टवर आहे तशीच, शिरोरेघ आधी ओढून, मराठीत सही केली. "माझ्या पायांचंही लिहिलंयस का रे?" फोनवर तिने विचारलं. लिहिलं होतं, फोटोसकट.

तिच्या पत्राची १४ दिवसांची मुदत येत्या गुरुवारी संपते. दाव्याचा अर्ज भरून तयार ठेवला आहे.