पाकिटावरची म्हातारी माणसं

बॉलपेनला आपल्याकडे कधी मान मिळाला नाही. शाळेत ते हातात घेतलं की अक्षर बिघडतं म्हणून ओरडा. बँकेत ते दोरीने बांधलेलं. घरात डझनभर असली, तरी कुरिअरवाला दारात उभा असताना त्यातलं एकही उठत नाही. मग वहीच्या मागच्या पानावर गिरगिटत बसायचं. त्याच्याकडून कलाकारीची अपेक्षा म्हणजे फार तर फोनवर बोलता बोलता वर्तमानपत्रातल्या पुढाऱ्याला मिशा काढणं.

म्हणून लंडनच्या मार्क पॉवेल या चित्रकाराची चित्रं पाहिली तेव्हा हे बॉलपेनचं काम आहे यावर आधी विश्वासच बसेना. साधं बिक कंपनीचं पेन, आणि कागद म्हणजे कुणाची तरी वापरून झालेली जुनी पाकिटं, नकाशे, दस्तऐवज. त्यांवर चेहरे. बरेचसे म्हाताऱ्या माणसांचे. डोळ्यांखालच्या पिशव्या, गळ्याची सैल कातडी, भुवयांतून भलतीकडेच वाढलेला एखादा केस. पाकिटावरचं तिकीट, टपालाचा शिक्का, वळणदार अक्षरातला पत्ता हे सगळं जिथल्या तिथे, आणि चेहरा त्यातूनच वर आलेला.

बॉलपेनने चित्र काढणं किती अवघड, हे ज्याने प्रयत्न केलाय त्याला विचारा. यात पांढरा रंग नाही. गालावरचा उजेड दाखवायचा तर तिथला कागद कोरा सोडायचा, एवढाच उपाय. त्यामुळे कागदाचा जो पिवळटपणा तोच कातडीचा रंग होतो. खोडायची सोय नाही. हात हलका ठेवला तर धुरासारखी रेघ, दाबला तर काळीकुट्ट. अशा बारीक रेघांवर रेघा चढवत छाया आणायची. त्यात पेनचा स्वभाव असा, की जरा वेळ चालवलं की टोकाशी शाईचा गोळा जमतो आणि नेमका नको तिथे उतरतो. नव्या कागदावर डाग पडला तर कागद बदलता येतो. शतकभरापूर्वीचं पाकीट कुठून बदलणार?

या पेनचा जन्मही कागदाच्या धंद्यातलाच. लास्लो बिरो हा हंगेरीतला पत्रकार. छापखान्यातली शाई चटकन वाळते, मग आपल्या फाउंटन पेनाचीच का फरफटते, हा त्याचा त्रास. ती दाट शाई निबातून उतरेना, तेव्हा टोकाशी फिरती गोळी आली. भाऊ रसायनशास्त्र जाणणारा, त्याने शाईचं पाहिलं. १९३८ मध्ये पेटंट, मग युद्धाच्या धामधुमीत देश सोडून अर्जेंटिना. ब्रिटिश हवाई दलाने ही पेनं घेतली, कारण उंचावर ती गळत नसत. १९५० मध्ये फ्रान्समध्ये मार्सेल बिकने तेच पेन पारदर्शक, षटकोनी आणि स्वस्त करून विकायला काढलं. स्वस्त झालं आणि मान गेला, एवढंच काय ते घडलं.

मला या चित्रांत सगळ्यात गंमत वाटते ती आपल्याच डोळ्यांची. पाकिटावर कुणा बाईचं नाव असतं आणि वर म्हातारीचा चेहरा. झालं, हीच ती बाई असं मन ठरवूनही टाकतं. पत्र कुणाचं आलं असेल, मुलाचं की काय, इथवर मजल जाते. खरं तर चेहऱ्याचा आणि पत्त्याचा काडीचा संबंध असेलच असं नाही. पाकीट रिकामं, पत्र कधीच गेलेलं. तरी ही जोडी जुळवल्याशिवाय राहवत नाही. ही चित्रकाराची थोडी लबाडी आहे आणि मला ती पसंत आहे.

पण दस्तऐवजावर चित्र काढायचं म्हटलं की माझ्यातला मराठी माणूस बिथरतो. रिकाम्या पाकिटाचं ठीक आहे. आमच्याकडे जुना कागद म्हणजे मोडीतलं खरेदीखत, वतनाचा कागद, देवाच्या फळीवर लाल कापडात बांधलेलं बाड. कुणाला वाचता येत नाही, पण फेकायची कुणाची छाती नाही. आणि २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा हेच मोडी कागद वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. अशा कागदावर कुणी आजोबांचं तोंड काढायला बसलं, तर अख्खी भावकी जमा होईल. आधी वाचून घ्या, फोटो काढून ठेवा, मग काय ते करा, इतपत मी स्वतः खाली यायला तयार आहे. त्याहून खाली नाही.

टिकण्याच्या बाबतीत तर बॉलपेन अगदीच कच्चं. त्याच्या शाईतला रंग उजेडाने उडतो, निळा तर भराभर. आमची मोडीची काजळीची शाई तशीच्या तशी काळी राहते. त्या विलायती पाकिटांवरची लोखंडी क्षार घालून केलेली जुनी शाई काळ्याची तपकिरी होते, पण सहसा वाचता येते. म्हणजे चित्र उन्हात टांगलं तर आधी चेहरा फिकटेल आणि पत्ता मागे राहील. घेणाऱ्याने भिंत जरा बघून निवडावी. खिडकीसमोरची तर नकोच.