बरोबर पासवर्ड

चुकीच्या पासवर्डाशी लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली फार सभ्यपणे वागते. पासवर्डाची चौकट रिकामी होते, खाली एक ओळ उमटते की हा चालला नाही, पुन्हा टाका. आणि आपण पुन्हा टाकतो. खरी पंचाईत होते ती पासवर्ड बरोबर असतो तेव्हा. एंटर दाबलं की पडदा काळा होतो, आता डेस्कटॉप येणार म्हणून आपण जरा मागे रेलतो, आणि समोर पुन्हा तोच लॉगिनचा पडदा. तेच नाव, तीच रिकामी चौकट. तक्रार नाही, खुलासा नाही. शंभर वेळा टाका, शंभर वेळा हेच. याला लॉगिन लूप म्हणतात.

या बिघाडात पासवर्डाचा काडीचाही दोष नसतो. उलट तो मान्य झाल्याशिवाय पडदा काळा झालाच नसता. हे एकदा लक्षात आलं की बरीच शोधाशोध वाचते, कारण आपण ज्याला लॉगिनचा पडदा म्हणतो तो डेस्कटॉपचा भागच नाही. तो डिस्प्ले मॅनेजर नावाचा वेगळा प्रोग्राम. त्याचं काम संगीत नाटकातल्या सूत्रधाराचं: आधी यायचं, नांदी म्हणायची, खेळ कुठला ते ठरवायचं आणि विंगेत निघून जायचं. पुढे नाटक उभंच राहिलं नाही तर तो बिचारा परत येऊन नांदी म्हणतो. दुसरं त्याला येतं काय?

नावंही याची बरीच. नोम या डेस्कटॉपवर जीडीएम, केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपवर बहुतेक ठिकाणी एसडीडीएम, हलक्या डेस्कटॉपांवर लाइटडीएम. उबंटू या लिनक्सच्या लोकप्रिय अवतारानं २०११ मध्ये जीडीएम सोडून लाइटडीएम धरला आणि २०१७ मध्ये पुन्हा जीडीएमची वाट धरली. या सगळ्यांचा पूर्वज एक्सडीएम, १९८८ चा. पडद्यावर खिडक्या आणि चित्रं काढणारी एक्स विंडो सिस्टिम एमआयटीत १९८४ मध्ये जन्मली, आणि तेव्हा रीत साधी होती: काळ्या पडद्यावर लॉगिन करा, मग हातानं चित्रांची दुनिया सुरू करा. पण पुढे एक्स टर्मिनलं आली. नुसता पडदा, कीबोर्ड आणि माउस; बाकी सगळं दूरच्या मोठ्या मशीनवर. तिथे कोण येऊन बसलंय हे विचारायला चित्रातलाच कुणीतरी हवा होता. आज मांडीवरच्या एकट्याच्या लॅपटॉपवरही तोच प्रश्न तितक्याच गांभीर्यानं विचारला जातो. वापरणारा एकच, तरी नावांची यादी मांडून ठेवलेली, आणि तिच्यात एकच नाव.

लूपमध्ये अडकल्यावर पहिला उपाय म्हणजे या पडद्याचा नाद सोडणं. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबले की अक्षरांचा कन्सोल उघडतो. लॅपटॉपवर आणखी एक बोट लागतं, कारण वरच्या रांगेतल्या कळा आवाज आणि उजेडाच्या सेवेत जुंपलेल्या असतात. एफएन सोबत दाबावी लागते. इथे पासवर्ड टाकताना ठिपकेसुद्धा उमटत नाहीत. नवख्या माणसाला वाटतं, आता कीबोर्डही गेला. पण टाकत राहावं. आत शिरलात तर समजायचं की कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि पासवर्ड ठणठणीत आहेत, दुखणं पुढच्या चित्रांच्या सेशनचं आहे. मला हा कन्सोल मनापासून आवडतो. दिसायला रुक्ष, पण काही बिनसलं तर निदान तोंड उघडून सांगतो.

लूपची कारणं बघितली तर हसावं की रडावं कळत नाही. त्यातलं सगळ्यात नामांकित म्हणजे होम फोल्डरमधली डॉट एक्सऑथॉरिटी ही फाइल. तिच्यात एक गुप्त आकडा असतो, त्याला अधिकृतपणे मॅजिक कुकी म्हणतात, आणि तो दाखवल्याशिवाय एक्स कुणाला पडद्यावर रेघ मारू देत नाही. एखादा चित्रांचा प्रोग्राम सुडो लावून, म्हणजे रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या अधिकारानं, चालवला, की कधीकधी ही फाइल रूटच्या मालकीची होऊन बसते. मग तुमच्याच घरातली तुमचीच फाइल तुम्हाला उघडता येत नाही. मालकी परत आपल्या नावावर केली की काम झालं. एक्सची जागा घेणाऱ्या वेलँडच्या सेशनमध्ये हा प्रकार उद्भवत नाही, आणि २००८ पासून चाललेल्या त्या खटाटोपाचं मला एवढ्यासाठी तरी कौतुक आहे.

दुसरं कारण त्याहून साधं: डिस्क भरली. आता कुणी विचारेल, डिस्क भरली तर मशीन सुरू तरी कसं होतं? ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम सहसा पाच टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. त्यामुळे व्यवस्थेचं चालतं आणि आपलं सेशन मात्र चार अक्षरं लिहायलाही जागा नाही म्हणून मुकाट्यानं मरतं. एवढं एक वाक्य लॉगिनच्या पडद्यावर लिहायला काय हरकत होती? पण नाही. ते वाक्य जर्नलमध्ये, म्हणजे व्यवस्थेच्या नोंदवहीत, असतं, शेकडो ओळींच्या गर्दीत, आणि त्या गर्दीत लाल रंगानं ओरडणाऱ्या ओळी बहुतेक वेळा निरुपद्रवी निघतात. संशय आला तर नवा वापरकर्ता तयार करून त्याच्या नावानं लॉगिन करून पाहावं. तो आत गेला, तर दोष आपल्याच फोल्डरात: प्रोफाइल फाइलमध्ये चिकटवलेली एखादी ओळ, किंवा काढून टाकलेल्या डेस्कटॉपची जुनी निवड, जी डिस्प्ले मॅनेजर निष्ठेनं लक्षात ठेवून बसलेला असतो. ती बदलायचं गिअरचं चिन्ह पडद्यावर असतं, पण इतकं लहान की ते आहे हे बऱ्याच जणांना संकट आल्यावरच कळतं.

लॉगिनचा पडदाच आला नाही, वरच्या कोपऱ्यात नुसती रेघ लुकलुकत राहिली, तर प्रकरण वेगळं. तिथे बहुधा ग्राफिक्सचा ड्रायव्हर: कर्नल नवा आला आणि ड्रायव्हरचं मॉड्यूल जुन्याचंच राहिलं, किंवा सही नसलेलं मॉड्यूल सिक्युअर बूट या पहारेकऱ्यानं परतवलं. ग्रबमध्ये, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्राममध्ये, नोमोडसेट हा शब्द लिहून तात्पुरतं आत शिरता येतं. कधी नुसती वेळ चुकलेली असते, म्हणजे कार्ड जागं व्हायच्या आत डिस्प्ले मॅनेजर धावून येतो. कन्सोलमधून त्याला पुन्हा सुरू केलं की सगळं सुरळीत. आणि दोन डेस्कटॉप टाकण्याच्या हौसेत दोन डिस्प्ले मॅनेजर आले असतील, तर डेबियन घराण्यात (उबंटू त्यातलंच) मुख्य कोण हे निळ्या पडद्यावर विचारलं जातं. तो प्रश्न लोक एंटर दाबून उडवतात.

मला सगळ्यात जास्त छळलंय ते मात्र या मोठ्या आजारांनी नव्हे. लॅपटॉपचा टचपॅड हलकेच टॅप केला की क्लिक व्हावं, ही सेटिंग केलेली असते. डेस्कटॉपवर ती चालते, लॉगिनच्या पडद्यावर नाही. तिथे टचपॅड करकचून दाबावा लागतो. अक्षरांचा आकार वेगळा, बाहेरचा मॉनिटर जोडला तर चौकट भलत्याच पडद्यावर. कारण डिस्प्ले मॅनेजर स्वतःच्या वेगळ्या वापरकर्त्याच्या नावानं चालतो. त्याचं घर वेगळं, आवडीनिवडी वेगळ्या. तुम्ही आत येईपर्यंत तुमचं काहीच त्याला ठाऊक नसतं, आणि ते योग्यच आहे. केडीईत आपल्या सेटिंग एसडीडीएमला लागू करायचं बटण आहे. जीडीएमसाठी मॉनिटरची एक्सएमएल फाइल उचलून त्याच्या फोल्डरात ठेवायची. बिघाड नव्हे हा, पण रोजचा.

या सगळ्याला वैतागून काही जण ऑटोमॅटिक लॉगिन लावतात. लॅपटॉप उघडला, डेस्कटॉप हजर, प्रश्न मिटला. मग ब्राउझर उघडतो आणि मध्येच एक खिडकी येते: कीरिंगचा पासवर्ड द्या. कीरिंग म्हणजे जपलेल्या पासवर्डांची कुलूपबंद पेटी. एरवी आपण लॉगिन करताना जो पासवर्ड टाकतो तोच पॅम नावाची यंत्रणा हळूच कीरिंगकडे सरकवते, म्हणून तिचं कुलूप आपल्याला न कळता उघडतं. पासवर्ड टाकलाच नाही तर सरकवणार काय? बोटाच्या ठशानं आत आलात तरी सहसा तेच. कीरिंगचा पासवर्ड रिकामा ठेवला की ही खिडकी कायमची जाते, पण मग आतलं सगळं डिस्कवर उघडं पडतं. मी ते करत नाही. लॅपटॉप ही हरवू शकणारी वस्तू आहे, आणि क्रोमसारख्या ब्राउझरनं जपलेले पासवर्ड त्याच कीरिंगच्या भरवशावर असतात.